सोजराबाईचा हात

चैत्र निम्मा सरला तरी सोजराबाईचा कांदा रानातच होता. चिखलीतली धडधाकट माणसं सायकली हाणत कंपनीत जायची, आणि मागं राहिलेल्या बाया आपापल्या रानात अडकलेल्या. माती वाळून टणक झालेली. पात धरून ओढावं तर पात तेवढी हातात यायची आणि कांदा खालीच राहायचा. मग विळ्यानं उकरत बसायचं. सोजराबाईच्या घरात काम करणारी माणसं तीन. मुलगा अर्जुन पिंपरीला कारखान्यात दुसऱ्या पाळीला, म्हणजे तो सकाळचा तेवढा रानात. सून शालनला आठवा महिना लागलेला. राहिली ती स्वतः, आणि तिला अर्ध्या गावाची बाळंतपणं.

सोजराबाई सुईण होती आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. "आजवर माज्या हाताखाली येक वार आत ऱ्हायली न्हाई, आन् येकदा बी म्या आत हात घातला न्हाई," असं ती लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवायची. मूल झाल्यावर मागून वार पडते, ती अडली तर बाई हाताची जाते, हे खेड्यात पोरीबाळींनाही ठाऊक असतं. म्हणून त्या बोलण्याला वजन होतं. गेल्या साली सरकारी केंद्रात दायांचं शिक्षण झालं तेव्हा तिला कात्री, दोरा आणि साबण घातलेला पत्र्याचा डबा मिळाला. वार अडली तर हात घालायचा नाही, दवाखान्यात धाडायचं, आणि हात घातल्याचं कळलं तर डबा परत घेऊ, असं तिथल्या नर्सनं बजावलं होतं. "ते दुसऱ्यास्नी सांगा बाई," असं म्हणून सोजराबाई डबा काखेत मारून घरी आली.

त्या दिवशी शालन वाफ्याच्या कडेला बसून कांद्याची पात कापत होती. पाणी प्यायला उठली, तर मागं मातीत रक्ताचा ओला डाग. पोटात कळ नाही, कंबरेत चमक नाही. तिनं हाक मारली नाही, नुसतीच उभी राहिली. सोजराबाईनं लांबून पाहिलं आणि विळा टाकून धावत आली.

"दुखतंय?"

"न्हाई वो आत्याबाई. काईच न्हाई."

हे "काईच न्हाई" सोजराबाईला नको होतं. दुखून गेलेलं रक्त तिच्या ओळखीचं होतं. हे बिनदुखण्याचं तिला उमजेना.

पिंपरीच्या दवाखान्यात शालनचं नाव होतंच. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या खेपेला मूल आडवं आलं म्हणून तिथंच तिचं पोट कापलं होतं. ते मूल राहिलं नाही, पण शालन राहिली. तिथल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, तोंड बारीक केलं आणि चिठ्ठी लिहिली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नवं यंत्र आलंय, पोटातलं पडद्यावर दिसतं, तिथं दाखवून या. ब्याऐंशी साल होतं. गावात असलं यंत्र कुणी ऐकलंही नव्हतं.

शेजारच्या अकबरचा तीनचाकी टेम्पो होता. तळवड्याच्या वर्कशॉपांत लोखंडी माल पोचवायचा आणि येताना गावातली माणसं आणायची. त्यानं मागं गोधडी अंथरली. सोजराबाईनं आदल्या रात्रीपासून सुनेला पाण्याचा थेंब दिला नव्हता. मागच्या ऑपरेशनला तसंच सांगितलं होतं, आणि दवाखाना म्हणजे उपाशीपोटी जायचं, हे तिनं त्यातून पक्कं करून घेतलं होतं. चैत्राचं ऊन, टेम्पोचा पत्रा तापलेला, शालनचे ओठ वाळून पांढरे पडले.

पुण्यात यंत्राच्या खोलीतल्या सिस्टरनं विचारलं, "लघवी भरलीये का?"

"सक्काळी करून आलो की आमी," सोजराबाई तोऱ्यात म्हणाली. "पाणी बी पाजलं न्हाई."

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "अहो आजी, भरलेली पाहिजे! त्याशिवाय खालचं दिसत नाही. जा, सात-आठ ग्लास पाणी पाजा आणि तास-दीड तास थांबा. बाथरूमला जाऊ देऊ नका."

"येकदा म्हंत्यात पिऊ नगा, येकदा म्हंत्यात पी. ह्यांचं ह्यांना तरी कळतंय का?" सोजराबाई पुटपुटत नळावर गेली. शालननं उभ्या उभ्या पाणी घेतलं. सहाव्या ग्लासाला उमळून आलं. मग बाकावर बसणं सुरू झालं. तास झाला, दीड झाला, नाव येईना. शालन मांड्या आवळून पुढं-मागं हलत होती. समोरचा एक बाप्या टक लावून बघत होता. सोजराबाई उठून त्याच्या आणि सुनेच्या मध्ये उभी राहिली आणि नाव पुकारेपर्यंत तशीच उभी राहिली.

आत अंधार होता. डॉक्टरीणबाई तरुण, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी पोटावर तेल चोपडलं आणि डबीएवढी एक वस्तू दाबत फिरवली. त्या दाबासरशी शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावर भुरभुर पांढरं-काळं हलत होतं. सोजराबाईनं मान लांब करून पाहिलं. तिला त्यात मूलही दिसलं नाही आणि काहीच दिसलं नाही. चाळीस वर्षं बोटांनी पोट वाचणारी बाई, पण इथं आंधळी. तिला त्या यंत्राचा राग आला.

"ही वार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाली येऊन पिशवीच्या तोंडावर बसलीये. म्हणून न दुखता रक्त जातंय. एवढं पक्कं. मूल खालून होणार नाही, ऑपरेशनच करावं लागेल."

"आन् दुसरं?" त्या थांबल्या ते सोजराबाईच्या लक्षात आलं होतं.

"दुसरं पक्कं नाही. मागच्या वेळी पिशवी जिथं कापली, बरोबर तिथंच वार चिकटलीये. वार आणि पिशवीच्या मध्ये एक काळी रेघ दिसते. हिच्यात ती मला दिसत नाही. यंत्र नवीन आहे, माझी नजरही चुकत असेल. नाहीतर वार पिशवीत रुतलीये. रुतलेली वार ओढली की रक्त थांबत नाही, बाई टेबलावर जाते."

शालन पडल्या जागी ऐकत होती. डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला.

"नुसत्या चित्रावर मी ठरवणार नाही, मागची हकिकत सांगा. पहिल्या बाळंतपणात वार आपोआप पडली, की हात घालून काढावी लागली? हातानं काढली असेल तर माझी शंका दुप्पट होते. मग आजच हिला ठेवून घेते, रक्ताच्या बाटल्या जमवायला लावते, मोठ्या सर्जनना सांगून ठेवते. तसं नसेल तर पिंपरीला तारीख घ्या, पंधरा दिवसांनी."

"आपसूक पडली," सोजराबाई म्हणाली. "बाळंतपण म्याच केलं. सुईण हाय मी."

"नक्की?"

"नक्की म्हंजी? आख्ख्या गावाला इचारा."

डॉक्टरीणबाईंनी शालनकडं पाहिलं. शालननं सासूकडं पाहिलं. सासू पडद्याकडं बघत होती.

"आत्याबाई म्हंत्यात तसंच," शालन म्हणाली, आणि मग, "मला भाईर जाऊ द्या आता."

खरं काय ते त्या दोघींनाच ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी शालनची थोरली, विमल, झाली तेव्हा बायांनी थाळी वाजवली, गूळ वाटला, पण वार काही पडेना. वार पडल्याबिगर नाळ कापायची नाही ही रीत. पोर नाळेसकट आईच्या मांडीशी पडून राहिलं, गार पडायला लागलं. तीन घटका गेल्या. उमळ आली की वार सुटते म्हणून सोजराबाईनं शालनला तिचेच केस तोंडात घालायला लावले, पोट चोळलं, आणि शेवटी सगळ्या बायांना बाहेर काढून दाराला कडी घातली. मनगटापर्यंत तेल लावलं आणि हात घातला. शालनच्या तोंडात लुगड्याचा बोळा होता. वार आली ती तुकड्यातुकड्यांनी. सोजराबाईनं ते तुकडे सुपात एकाला एक लावून पाहिले, पुरे झालेसे वाटले, आणि दार उघडून ओसरीवरून ओरडली, "वार पडली गं बायांनो! आपसूक पडली!" गोठ्याच्या कोपऱ्यात ती पुरली. शालन वीस दिवस तापानं फणफणली, पण उठली. त्या "आपसूक"वर मग सोजराबाईला आणखी पाच गावांतून बोलावणी आली.

परतताना अकबरनं मागं वळून विचारलं, "काय म्हनले मावशी दवाखान्यात?"

"ठीक हाय म्हनले. पंधरा दिस पडून ऱ्हायाचं."

शालन पडून राहिली आणि सोजराबाई दोघींचं काम उपसू लागली. पहाटे उठून भाकरी, शेण, पाणी, मग रान. विळ्यानं कांदा उकरायचा, ढीग घालायचा, पात कापायची, सावलीला ओढायचं. तिला बसवेना. वाफा अर्धा सोडून ती मध्येच घराकडं यायची, दारातून सुनेला बघायची, परत जायची. "जेवली का?" एवढंसुद्धा तिच्या तोंडून निघेना. अर्जुन म्हणाला, "आये, आसं किती येळा घरला येतीस? कांदा कवा निघायचा?" तर ती त्याच्यावरच खेकसली.

त्यातच शेजारची अंबुबाई आली. तिची लेक काळेवाडीहून बाळंतपणाला आली होती.

"सोजरा, पैल्या येळंला लेकीचं पोट कापलं. ह्या खेपंला घरीच करू. तुजा हात हाय म्हनल्यावं मला घोर न्हाई."

सोजराबाईनं एक पात ओढली. ती तुटून हातात आली. "बघू," ती म्हणाली.

"बघू काय? तुज्या हाताखाली कुनाची वार ऱ्हायलीय व्हय?"

सोजराबाईनं मान खाली घालून कांदा उकरला. अंबुबाई गेल्यावरही ती तिथंच उकरत राहिली, कांदा केव्हाच निघाला होता तरी.

आठव्या दिवशी ती दुपारी घरी आली तर शालन ओसरीवर बसून विळीवर पात कापत होती. चेहरा हळदीसारखा.

"कुनी सांगितलं तुला उठाया?"

"पडून पडून जीव जातोय. आन् कांदा नासाया लागलाय."

"नासू दे! ऊठ!"

शालन उठली नाही. तिनं आणखी दोन कांद्यांची पात कापली. मग विळी पायाखाली तशीच दाबून धरून म्हणाली, "आत्याबाई, त्या दिशी सुपात तुकडं लावलं व्हतं. समदं जुळलं व्हतं का?"

 सहा वर्षांत हा विषय दोघींमध्ये कधी निघाला नव्हता.

"जुळलं व्हतं."

"सगळं?"

"येक कड... येका कडंला मला वाटलं. पर रगत थांबलं व्हतं तुजं."

"मग तवा डाक्टरीनबाईस्नी का न्हाई सांगितलं?"

"तू तरी कुटं बोललीस?" सोजराबाई फाडकन म्हणाली. म्हणाली आणि तिलाच लाज वाटली. सासूनं भर दवाखान्यात एक सांगितल्यावर सुनेनं दुसरं सांगायचं, हे या घरात कुणी शिकवलंच नव्हतं.

शालन रडली नाही. "आनिक सात दिस हायेत," एवढंच म्हणाली आणि पुढचा कांदा घेतला.

त्या रात्री सोजराबाईनं किती कुशी बदलल्या ते तिलाच ठाऊक. सकाळी तिनं अर्जुनला "बायकोला उठू दिऊ नगं" म्हणून दम दिला, पत्र्याचा डबा पदराखाली घेतला आणि निगडीपर्यंत चालत जाऊन पुण्याची बस धरली. आयुष्यात ती एकटी पुण्याला गेली नव्हती. दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत दोन तास उभी राहिली. खिडकीतला माणूस म्हणाला, "पेशंट कुठंय?"

"पेशंट न्हाई आनला. मला डाक्टरीनबाईस्नी भेटायचंय."

"कशासाठी?"

मागं वीस बायका. "मी त्यांच्याम्होरं खोटं बोलले व्हते, ते सांगायचंय," सोजराबाई म्हणाली. रांगेत कुणीतरी फिदकन हसलं. माणसानं तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती बाजूला झाली, पण गेली नाही. यंत्राच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसली, शिपायानं दोनदा उठवलं, दोनदा पुन्हा बसली. डॉक्टरीणबाई जेवायला बाहेर पडल्या तशी तिनं वाटच अडवली.

"चिखलीची शालन, वार खाली आलेली. तिची पैली वार आपसूक पडली न्हवती. म्या वडली. हात घालून. तुकडं तुकडं आली."

डॉक्टरीणबाई जागच्या जागी थांबल्या. "आणि आठ दिवस गप्प बसलात?"

"व्हय."

"तिला काही झालं असतं म्हणजे?"

सोजराबाईनं पदराखालचा डबा काढून त्यांच्यापुढं धरला. डॉक्टरीणबाईंनी डब्याकडं पाहिलंही नाही. आत जाऊन जुना कागद शोधला, एक ओळ खोडली, वर दुसरी लिहिली आणि म्हणाल्या, "आज. आजच्या आज आणा. आणि रक्त द्यायला चार माणसं आणा, घाबरणारी नकोत."

ती परत चिखलीत पोचली तेव्हा शालनचं रक्त पुन्हा सुरू झालेलं. या खेपेला डाग नव्हता, लुगडं भिजलं होतं. अर्जुन कामाला गेलेला. विमल आईचं पाऊल धरून बसली होती. तिला अंबुबाईकडं सोपवून सोजराबाई अकबरच्या दारात जाऊन ओरडली. तो हात धुतल्याबिगर जेवणावरून उठला.

पिंपरीजवळ आले आणि भोंगा झाला. पाळी सुटली. फाटकातून सायकली निघाल्या त्या थांबेचनात, सगळा रस्ता सायकलींनी भरला. अकबर हॉर्न दाबून धरतोय, शिव्या देतोय, कुणी हलेना. सोजराबाई गोधडीवर शालनचं डोकं मांडीत धरून बसली होती. गोधडी ओली होत चालली. एकाएकी ती टेम्पोच्या फळीवर उभी राहिली आणि ज्या आवाजात ओसरीवरून गावाला हाक घालायची त्या आवाजात ओरडली, "बाई मरतीय रं! वाट द्या! आन् अर्जुनला बलवा, दुसऱ्या पाळीच्या, चिखलीच्या अर्जुनला!"

सायकली बाजूला झाल्या. निरोप फाटकाच्या आत कसा गेला कोण जाणे, पण अर्जुन काळ्या हातांनी पळत आला आणि त्याच्यामागं त्याच्या मशीनवरचे तिघं.

"रक्त द्यायचंय," सोजराबाई म्हणाली. एकाचा चेहरा पडला, पण तोही चढला.

संध्याकाळ झाली, दिवे लागले. पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या दाराबाहेर अर्जुन भिंतीला टेकून उभा होता. दंडाला कापूस लावलेला. सोजराबाईला बसवेना. ती या टोकाकडून त्या टोकाकडं फिरत होती आणि उजवा हात पदराला पुसत होती, पुन्हा पुन्हा.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मुलगी झाली. लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलीये. आई आहे. सहा बाटल्या लागल्या." अर्जुन खालीच बसला. मग सिस्टरनं एका पांढऱ्या ताटलीत काही आणून सोजराबाईपुढं धरलं. "पिशवी काढावी लागली. नातेवाइकांना दाखवायचं असतं."

पिशवी होती, आणि तिच्यात वार. हात लावू का, म्हणून सोजराबाईनं सिस्टरकडं पाहिलं. सिस्टरनं मान हलवली. तिनं बोट लावलं, जिथं वार सुटते ती कड शोधली. शेकडो वेळा ती कड या बोटानं चाचपली होती. बोट एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेलं. कड नव्हती. वार कुठं संपते आणि पिशवी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं.

"ही घरी वडली असती तर?" तिनं विचारलं.

"दहा मिनिटं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज तुम्ही आला नसता, तर आमच्याकडं रक्त तयार नसतं."

दुसऱ्या दिवशी शालननं डोळे उघडले. ओठ पुन्हा पांढरे. सोजराबाई कापसानं पाणी लावत होती.

"वार पडली?" शालननं विचारलं. बाळंतीण हेच विचारते.

"न्हाई पडली. पिशवीसंगट काढली. आता तुला पोर व्हायचं न्हाई." सोजराबाईनं सगळं एका दमात सांगितलं. आणखी एक खोटं बोलायची ताकद तिच्यात नव्हती.

शालननं तोंड भिंतीकडं केलं. खांदे हलत राहिले. सोजराबाई कापूस घेऊन तशीच बसून राहिली. मग भिंतीकडं बघतच शालन म्हणाली, "इमलच्या येळंला वरडून सांगितलं व्हतं."

"व्हय."

"आता बी वरडून सांगा. तवा सांगितलं तेवढ्याच आवाजानं."

तिसऱ्या दिवशी सोजराबाई विमलला बघायला आणि धुतलेले कपडे न्यायला म्हणून गावात आली. दिवस कलायला आला होता. बाया रानातून परतत होत्या. तिनं घरातली काशाची थाळी आणि उलथणं काढलं आणि ओसरीवर उभी राहून थाळी वाजवायला सुरुवात केली. बाया डोक्यावरचे भारे घेऊनच गोळा झाल्या. अंबुबाई हसत पुढं आली. "काय झालं गं शालनला?"

"मुलगी झाली! दोगी बी हायेत!" सोजराबाई ओरडली. बाया गूळ मागायला लागल्या. तिनं थाळी थांबवली नाही, आणखी जोरात वाजवली, त्या गप्प होईपर्यंत.

"आन् ऐका! इमलची वार आपसूक पडली न्हवती! दाराला कडी लावून म्या हातानं वडली! तुकडं तुकडं केलं! तुमच्याम्होरं खोटं बोलले, डाक्टरीनबाईम्होरं बी खोटं बोलले! त्यापायी माज्या सुनंची पिशवी काढली!"

एकीनं भारा सरळ केला आणि वाट धरली, मग दुसरीनं. जाता जाता एक म्हणाली, "आन् आमच्या घरात फुशारकी मारत जेवत व्हती की." सोजराबाईनं ते ऐकून घेतलं.

अंबुबाई तेवढी राहिली. तिचं हसू केव्हाच गेलं होतं. "मग माज्या लेकीचं काय करू, सोजरा?"

"पोट कापलंय न्हवं तिचं? उद्या अकबरला टेम्पो काडाया सांग. पुन्याला त्या यंत्रावं दाकवू. मी यीन संगट." ती थांबली. "निगाया आदी तिला पाणी पाज. पोटभर पाज."

तिनं थाळी खाली ठेवली. विमल दारातून बघत होती. सोजराबाईनं तिला कडेवर घेतलं, विळा उचलला आणि उजेड होता तोवर कांदा काढायला रानाकडं निघाली.